एक वीत, सात बोटं

"थांब, ओलांडशील," म्हणत एसेनकुलनं जमिनीवरची बंदूक उचलून मांडीवर घेतली.

चहा घेऊन आलेली घरची सून, ऐजारकिन, थबकली आणि भिंतीच्या कडेनं वळसा घालून आली. बाईचा पाय बंदुकीवरून गेला, नुसता हात जरी लागला, तरी नेम जातो, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नसे.

"नवी घेतलीस?" तिच्या सासऱ्यांनी, बंदुकांचे दस्ते घडवणाऱ्या सादिरकुल उस्तांनी विचारलं.

"नवी कुठली! नारिनच्या एका म्हाताऱ्याची. नळी आरशासारखी आहे, पण दस्ता बघा." खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तडकला होता, तारेनं आवळलेला. "शिवाय तो गडी उंटाएवढा असणार. माझं बोट चापापर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे बंदूक चांगली आहे, मालक आखूड आहे."

"हसा, हसा. पण ऐका." एसेनकुल गावच्या शिकारी मंडळाचा प्रमुख होता. "मंडळाच्या बारा बंदुकांना नवे दस्ते हवेत. पोरं म्हणतात, ओश शहरात यंत्रावर करून घेऊ, उस्ता आता थकले. मी म्हटलं, आधी माझी करू द्या त्यांना. ही जमली तर बाराही तुमच्याकडे."

उस्तांनी मान हलवली. मुलगा रशियात कामाला गेल्यापासून हे घर दस्त्यांवरच चाललं होतं, आणि वसंतापासून एकही काम आलं नव्हतं.

त्यांनी एसेनकुलला सदऱ्याची बाही वर करायला लावली. कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं आणि हात पुन्हा आपल्या लांब बाह्यांत ओढून घेतले.

"एक वीत, सात बोटं," ते मोठ्यानं म्हणाले.

"लिहून ठेवा की."

"चाळीस वर्षांत कधी लिहिलंय?"

ऐजारकिननं सासऱ्यापुढे चहा ठेवला. पाव प्यालाच भरलेला, जसा ती नेहमी ठेवायची.

घरामागच्या खोपीत चार वर्षं वाळवलेली अक्रोडाची फळी होती. दुसऱ्या दिवसापासून कुंपणापलीकडे कानशीचा आवाज ऐकू येऊ लागला. घरात तान्ही बेगाइम रडली की आवाज थांबायचा. ती निजली की पुन्हा सुरू व्हायचा.

"तुझ्या सासऱ्याचा नातीवर भलता जीव गं," झऱ्यावर शेजारीण म्हणाली. "तिनं हूं केलं की म्हातारा हत्यार खाली ठेवतो. आमच्याकडे घर पेटलं तरी उठणार नाहीत."

ऐजारकिन हसली आणि घागर भरत राहिली. तिचे तळवे मनगटापर्यंत तपकिरी झाले होते. अक्रोड सोलायच्या दिवसांत गावातल्या सगळ्याच बायकांचे तसे होतात.

तीन आठवड्यांनी एसेनकुल आला. जवसाचं तेल प्यायलेला दस्ता उन्हात मधासारखा दिसत होता. नळी आणि लाकूड जिथे मिळत होतं तिथे नखसुद्धा शिरत नव्हतं.

"असं काम तुम्ही तरुणपणीही केलं नसेल," तो म्हणाला. मग त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा उतरला. "उस्ता, आखूड आहे. चांगलं दोन बोटं आखूड."

दारातली ऐजारकिन बेगाइमला थोपटायची थांबली.

उस्तांनी दस्त्याकडे पाहिलं. मग सुनेच्या हातांकडे पाहिलं.

"अंगात काय घातलंयस?" त्यांनी विचारलं.

"सदरा."

"रानबोकडामागे सदऱ्यावर जाणार आहेस? बर्फ पडू दे, कोट घाल, मग सांग मला."

एसेनकुल बंदूक घेऊन गेला. त्या आठवड्यात खोपीतून आवाज आला नाही.

बर्फ पडलं. एका दुपारी मेंढीच्या कातड्याचा जाड कोट घातलेला एसेनकुल रानबोकडाची अख्खी मांडी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

"पहिल्या गोळीत!" तो आत येत म्हणाला. "कोट चढवला आणि बंदूक खांद्यावर अशी बसली, जशी काही आईनं बसवली. सदऱ्यावर माप घेतलंत आणि कोटासाठी दोन बोटं सोडलीत. आणि मी गाढव घरी जाऊन बायकोला सांगितलं, उस्ता गेले कामातून."

"बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही कधी कामात होतात? आधी सरपण फोडा." तो बसला आणि बंदूक आडवी ठेवली. "बाराही तुमच्या. मंडळात ठरलं. आणि हिच्यावर बाईची सावली पडू दिली नाही हो मी. लागते ती त्यामुळेच."

दोन्ही तळव्यांत प्याला धरून उस्तांनी एक घोट घेतला.

एसेनकुलनं खिशातून सुतळी काढली. "बाकीचे हिवाळी चराईवर आहेत, मापाला येणार नाहीत. तुमची वीत आणि तुमचं बोट यावर गाठी मारून द्या, तिथे जाऊन मीच मोजतो. हिचं माप ज्या हाताचं, त्यांचंही त्याच हाताचं. अगदी याच हातचं."

"याच हातचं?"

"याच. दुसरं नको."

उस्तांनी सुतळी घेतली. गाठ मारायला गेले, तर तिचं टोक बोटांत थरथरत राहिलं. त्यांनी ती खाली ठेवली.

"सुनबाई," त्यांनी हाक मारली. "नातीला माझ्याकडे दे. त्याला याच हातचं माप हवंय, तुझा हात लागेल."

ऐजारकिन आली. तिनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं बेगाइमला त्यांच्या मांडीवर ठेवलं, ओढणीला हात पुसला आणि एसेनकुल पाहत असताना वाकून बंदुकीच्या चापाशी अंगठा टेकवला. एक वीत, उस्तांच्या वितेहून लहान. पुढे चार बोटं, मग तीन. सातवं बोट दस्त्याच्या काठावर तंतोतंत येऊन थांबलं.