निळ्या शर्टातले बाबा

कल्पना करा, मुलांनो, पन्नास वर्षांपूर्वीचं ऑस्ट्रेलियातलं रग्बीचं मैदान. क्वीन्सलंड राज्याचा संघ गडद लाल शर्टात, शेजारच्या न्यू साउथ वेल्सचा निळ्या. तेव्हा नियमच होता: ज्या राज्याच्या क्लबकडून खेळाल, त्याच राज्याचा शर्ट. क्वीन्सलंडचे चांगले खेळाडू पोटासाठी निळ्यांच्या सिडनीला जात आणि मग आपल्याच माणसांविरुद्ध उतरत. लाल संघ वर्षानुवर्षं हरत होता.

नऊ वर्षांची नोरीन आजोबांसोबत गर्दीत, अगदी कुंपणाजवळ बसली होती. तिचे बाबा निळ्या शर्टात होते. त्यांनीच शेवटच्या मिनिटाला चेंडू रेषेपार टेकवला आणि क्वीन्सलंड पुन्हा हरलं.

"फितूर! आईचं दूध विसरला!" लोक ओरडले.

"बघू नकोस तिकडे," आजोबा म्हणाले.

बाबा धावत कुंपणापाशी आले. आठ महिन्यांनी त्यांना लेक दिसत होती. "नोरी, ये गं!"

शेजारचा माणूस तिच्याकडे वळला. "तुझा कोण गं तो?"

नोरीनने बाबांकडे नीट पाहिलं. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर त्यांची हुर्यो उडवू लागली.