तारेची खरखर

तार जळाली, तेव्हा प्रवाहाचं बटण संयोगिताचे मार्गदर्शक सुमंत सर यांच्या हातात होतं.

स्पीकरमधली खरखर एकाएकी थांबली. प्रयोगशाळेत नुसता पंख्याचा आवाज उरला. लोखंड आणि निकेलची, केसापेक्षा कितीतरी बारीक अशी ती तार संयोगितानं बाहेरून करून आणली होती. तिच्यातून वीज सोडली की आतलं चुंबकत्व सरळ सरकत नसे; अडकत, सुटत, धक्के खात पुढं जाई. त्या धक्क्यांचीच ती खरखर. ती कशी आणि का होते, हाच संयोगिताच्या पीएचडीचा विषय. शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. आता नवी तार यायला दिवाळी उजाडणार होती.

सरांनी हात खिशात घातला. पण तो कापताना तिनं पाहिला होता. बटण जरासंच फिरवायचं होतं. हाताला झटका बसला आणि ते शेवटपर्यंत गेलं.

तेवढ्यात विभागप्रमुख विनोदिनी मॅडम आत आल्या. काम का थांबलं, असं त्यांनी विचारलं. सर काही बोलायच्या आत संयोगिता म्हणाली, "तार जळाली, मॅडम. माझ्या हातून प्रवाह जास्त गेला."

मॅडमनी तिला बरंच सुनावलं. सांगलीतल्या आपल्या एवढ्याशा विभागाला असला निष्काळजीपणा परवडत नाही, असंही म्हणाल्या. संयोगितानं मान खाली घालून ऐकून घेतलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मॅडम गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खोटं का बोललीस?"

ती जळालेली तार चिमट्यानं सोडवत होती. सरांशी ती नेहमी जपून, शुद्ध बोलायची. आज मात्र गावाकडची, वडूजची बोली आपसूक तोंडात आली.

"आमच्या आप्पांचा हात बी असाच कापतोय, सर. घरात कुणी त्यावर बोलत न्हाई. आई त्यांचा चहाचा कप तेवढा अर्धाच भरती."

सरांनी हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो हलत होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

ते उठले. यंत्रासमोरची आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली, आणि मॅडमना खरं काय ते सांगायला निघाले.