चौतिसावा आठवडा

मागचं दार धाडकन बंद झालं आणि आतून बाईचा आवाज आला, "चला दादा. गचके द्यायचे न्हाईत आणि कुठं थांबायचंबी न्हाई."

दिलदारनं गाडी काढली. कोडोलीच्या दवाखान्याच्या रुग्णवाहिकेवर त्याचा हा पहिलाच दिवस. कुणाची तोंडओळखही झाली नव्हती, तोवर एकानं हातात किल्ली कोंबली. "गरोदर बाई हाय, रक्त जातंय, कोल्हापूर गाठ. मोना सिस्टर आणि आया अंबूबाई मागं हायत."

पाठीमागच्या खिडकीला पडदा होता. आवाज तेवढा येत होता. सिस्टर मोठ्या दवाखान्याला फोनवर सांगत होत्या, "पेशंट चौतीस आठवड्यांची. वार गर्भाशयाच्या तोंडावर, सोनोग्राफीत आधीच दिसली होती. लालभडक रक्त जातंय. रक्तगट ओ निगेटिव्ह. बाटल्या आणि थिएटर तयार ठेवा."

"लई कळा येत्यात का हो त्यास्नी?" दिलदारनं विचारलं.

"एकबी न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "त्याचंच भ्या हाय. दुखलं की बाई दवाखान्यात पळत येती. हे गुपचूप जातंय, मधी थांबतंय. बाईला वाटतं, झालं, थांबलं. मग पुन्यांदा सुरू होतं ते आवरत न्हाई."

"घरचं कोण न्हाई सोबत?"

"नवरा फौजेत हाय. फोन लागंना."

मोठ्या गावाची पाटी दिसली तशी अंबूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "बाई, हितल्या डाक्टरला दाखवूया का? बघंल तरी आत काय झालंय ते."

"अजिबात न्हाई. आत हात घालून तपासलं तर धारच लागंल. जिथं रक्त हाय आणि ऑपरेशनबी होतंय, तिथंच जायाचं. रडू नका. डाव्या कुशीवर हाय तसंच राहू दे."

पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते. दिलदारनं हॉर्नवर हात दाबून धरला, अर्धी गाडी मातीत घातली आणि एका दमात पुढं काढली.

"अंबूबाई, नाडी मोजा."

बराच वेळ गेला. "एकशे तीस हो बाई."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. एवढंच. दिलदारच्या अंगावर काटा आला. ही बाई भाजीचा भाव ऐकावा तशी ऐकत होती.

"पेशंट काय बोलंना कशी?" त्यानं धीर करून विचारलं.

"ताकद राखून ठेवतीया," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जड, सावकाश येत होता. "पूल आला का, दादा?"

"आला की. ही पंचगंगा."

"मग पोचलो."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

दवाखान्याच्या दारात माणसं उभीच होती. दिलदार उतरून मागं येईतो स्ट्रेचर आत गेलंही होतं. गाडीत रक्तानं भिजलेली चादर तेवढी पडली होती. ती बघून तो खाली पायरीवर बसला आणि त्यानं अल्लाकडं हात पसरले.

दीड तासानं आतली नर्स बाहेर आली. "मुलगी झाली. दोन किलोची. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली चांगली. आईला चार बाटल्या रक्त लागलं. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता, तर दोघींतली एकही हाती लागली नसती."

अंबूबाई भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या. दिलदार त्यांच्याजवळ गेला.

"मावशी, वीस वर्सं गाडी चालवतोय, पर असलं काळीज बघितलं न्हाई. सिस्टर कुठं हायत? त्यास्नी एक सलाम करतो आणि मग गाडी धुतो."

अंबूबाईंनी ऑपरेशनच्या बंद दाराकडं बोट केलं.

"शुद्धीवर येऊ देत. मग तूच सांग त्यास्नी, लेक झाली म्हणून."