गव्याच्या गोष्टीचा शेवट

“‘ताई, गोष्ट झ्याक हाय, पण शेवट चुकलाय की!’” पवित्रानं पडद्यावरचं वाचलं, तेही मोठ्यानं. नेट कॅफेतली सगळी डोकी वळली.

“हळू,” शांभवी म्हणाली. तिचे कान तापले होते.

वर्षानुवर्षं ती लिहीत होती आणि कुणालाही दाखवत नव्हती. नवऱ्याचं घर सोडून तान्ह्या पवित्राला घेऊन ती राजारामपुरीत राहायला आली, तेव्हा गल्लीनं नाही नाही ते विचारलं होतं. तिनं कुणाला उत्तर दिलं नव्हतं, कुणापुढं रडली नव्हती. पण उन्हाळ्यात अण्णा, तिचे वडील, गेले. कापडाचे गठ्ठे स्कूटरला बांधून गावोगावचे बाजार करणारा बोलका माणूस. त्यांची गव्याची गोष्ट त्यांच्याबरोबरच जाईल या भीतीनं तिनं लेकीकडून ब्लॉग उघडून घेतला आणि गोष्ट टाकली. राधानगरीच्या जंगलात दिवस मावळताना गुरुपाद अण्णांची स्कूटर बंद पडते, आणि समोर वाट अडवून रानगवा उभा. ही गोष्ट अण्णांनी ऐकवली नाही असा माणूस सापडणं कठीण.

“कुणी लिहिलंय?” तिनं विचारलं.

“केरबा पैलवान, कसबा बावडा. पुतण्या टाईप करतोय म्हणे. ‘अण्णांनी मला सवता सांगितलंय. त्यांनी मांडीवर थाप मारून असा शड्डू ठोकला, गवा शेपूट घालून पळाला.’ खाली अजून एक आहे. चिमणाबाईंचा नातू, राधानगरी. ‘शड्डूबिड्डू काय न्हाय. आजी म्हणती, म्हशीला खाजवत्यात तसं अण्णांनी गव्याला गळ्याखाली खाजवलं, त्यो गार झाला. आमच्या गोठ्यात बसूनच सांगितलंय.’”

शांभवीनं पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाली, “काढून टाक ती गोष्ट.”

“अगं आई!”

“अण्णांची एवढी एक गोष्ट माझ्याजवळ होती. तीसुद्धा मी चुकीचीच ऐकली म्हणायची. काढ म्हणते ना.”

पवित्रानं नाइलाजानं माऊस धरला. तेवढ्यात कॅफेवाला जोतीराम गल्ला सोडून मागं येऊन उभा राहिला.

“थांबा, ताई. गुरुपाद अण्णांची गव्याची गोष्ट व्हय? ही दोघंबी थापा मारत्यात. मी तवा गॅरेजात कामाला हुतो. अण्णांनी प्लग काढला, धोतरानं पुसला, बसवला आणि एकच किक! त्या आवाजानंच गवा उधळला. मला सगळं माहीत हाय की, स्कूटर मागनं मीच दुरुस्त केल्ती.”

पवित्रा खुदकन हसली. मग तिला हसू आवरेचना.

“दात काय काढतेस?”

“आई, मला सांगताना ना, अज्जा त्या गव्याला इतके प्रश्न विचारायचे, इतके प्रश्न विचारायचे, की तो वैतागून निघून जायचा!”

जोतीराम तिच्याकडं बघतच राहिला. “म्हंजे पैलवानाला शड्डू, म्हशीवालीला खाजवणं, ह्या टकळीला प्रश्न आणि मला प्लग? आयला, बेनं लई बेरकी हुतं की!” आणि त्यानं जीभ चावली. “माफ करा, ताई. तोंडातनं गेलं.”

शांभवीला हसू फुटलं. अण्णा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले.

“मग तुमचा शेवट काय हाय, ताई?” जोतीरामनं विचारलं. “वाचा की.”

तिनं लेकीच्या हातातला माऊस घेतला आणि पान अगदी तळाशी नेलं. आपलं लिहिलेलं चारचौघांत वाचायची तिची ही पहिलीच वेळ. शब्द स्पष्ट आले.

“‘मी काहीच केलं नाही, पोरी. तोंडातनं ब्र काढला नाही, नुसता उभा राहिलो. गवा फुरफुरला, त्यानं खुरांनी माती उकरली, शिंगं हलवली. शेवटी वाट त्यालाच सोडावी लागली.’”