झाडूच्या दांड्यावरची अँटेना

कंपनीने गाशा गुंडाळला, तरी तिचा चपलांच्या खोक्याएवढा उपग्रह बिचारा वर फिरतच राहिला. तो बनवणाऱ्या लेकीने मात्र नोकरी गेल्यापासून खोलीचं दार लावून घेतलं होतं. वडील रोज संध्याकाळी झाडूच्या दांड्याला अँटेना बांधून गच्चीत उभे राहत. त्यांच्यासारख्या हौशी लोकांना उपग्रहाचे संदेश ऐकता येत, पण त्याला उत्तर देणं आता कुणाच्याच हातात नव्हतं.

आज गच्चीवरून उतरले ते जेवणाचं ताट घेऊन थेट तिच्या दाराशी गेले.

“अगं, तुझा उपग्रह ‘सगळं ठीक’ म्हणतोय, आणि बॅटरीचा आकडा तर पार तळाला गेलाय! हे कसं काय?”

“तो संदेश मीच घातलाय, बाबा,” बंद दाराआडून आवाज आला. “पैसे लावणारे घाबरायला नकोत म्हणून. अगदी बंद पडेपर्यंत तो तेवढंच म्हणत राहणार.”

वडील तिथेच घुटमळले.

“आणि तू गं? बरी आहेस ना?”

“हो बाबा. सगळं ठीक.”

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि सकाळचं उचललं. ते जसंच्या तसं भरलेलं होतं.