लडी

लेकीने पाठवलेलं लोकर गुंडाळायचं यंत्र शशिकलाबाईंनी टेबलाला बसवलं, लडी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि दांडा फिरवला. बघता बघता गुंडा तयार!

पूर्वी लडी धरायला यशवंतराव दोन्ही हात पुढे करून बसायचे. "आटप गं लवकर, हात भरून आले," ही कुरकुर सतत चालू. मग अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि बोलणंही बंद झालं.

दुसरी लडी उचलताना बाईंनी पलंगाकडे पाहिलं. यशवंतरावांनी डावा हात पुढे धरला होता.

यंत्र बाजूला सारून बाईंनी लडीची एक बाजू त्या हातावर चढवली, दुसरी पलंगाच्या खांबावर. मुद्दाम सावकाश गुंडाळत म्हणाल्या, "रागवा की आता!"

लडी संपली. यशवंतरावांनी हात खाली घेतला नाही.