तीन महिन्यांची पोस्टकार्डं

"मी कॅमेऱ्यासमोर येणार नाही," सदानंदकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "चित्रकार तो आहे. माझ्या पोस्टातल्या लोकांना आता या वयात काय सांगू?"

माहितीपट भालचंद्र मेस्त्रींवर होता. छत्तीस वर्षं दोघं एका घरात राहत होते आणि मेस्त्रींच्या प्रत्येक चित्रात सदानंदकाकांची पाठ होती, चेहरा कधीच नव्हता. आज चित्रीकरणाचा शेवटचा दिवस. "तो नसेल तर फिल्म अर्धीच," मेस्त्री दिग्दर्शिका रेवतीला म्हणाले आणि डोळा मिचकावून खुर्चीत बसले. "विचार, आम्ही कसे भेटलो."

तिने विचारलं.

"कोल्हापुरात, माझ्या प्रदर्शनात," मेस्त्री मोठ्याने म्हणाले. "चित्रं पाहून हाच माझ्या मागे लागला."

स्वयंपाकघरातून सदानंदकाका हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आले. "मी? मी मागे लागलो? अरे, तीन महिने रोज पोस्टात माझ्या खिडकीशी येऊन एकेक पोस्टकार्ड कोण घेत होतं? एक तरी टाकलंस का कुणाला?"

"मला पत्ता तुझाच हवा होता."

सगळे हसले. मग काकांना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला आणि त्यांनी झारा खाली घेतला. रेवतीने कॅमेरा बंद केला. "काका, तुम्ही म्हणाल तर हे काढून टाकते."

काकांनी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री आता हसत नव्हते.

"काढू नका," काका म्हणाले. "नाहीतर लोक याचंच खरं मानतील."